बंदूक, सोनं आणि मावशी

मागच्या महिन्यात पुण्याला मावशीला फोन केला. नेहमीचं सगळं बोलून झालं. गुडघे, पाऊस, कामवाल्या बाईंच्या सुट्ट्या, सोन्याचा भाव. मग एकदम म्हणाली, "अरे, एक विचारू का? रागावू नकोस हं. तुझ्याकडे बंदूक आहे हे खरं का रे?"

मावसभाऊ पचकला असणार. मी म्हटलं, "एक नाही मावशी, दोन आहेत."

पलीकडे शांतता. मग, "अरे देवा. आणि ताईला हे माहीत होतं?"

होतं. आई २००५ साली इथे आमच्याकडे ओहायोला सहा महिने राहून गेली. दसऱ्याला तिने तळघरातल्या त्या लोखंडी तिजोरीला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूऐवजी अंगणातलं कसलंसं पिवळं फूल ठेवलं आणि मला म्हणाली, "शस्त्र घरात आहे तर पूजा तरी धड होऊ दे." तिच्या दृष्टीने विषय संपला. मावशीच्या दृष्टीने मात्र तो आत्ता सुरू झालाय. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

खरं म्हणजे बंदूक आमच्या घराण्याला नवीन नाही. देवरूखजवळच्या गावी मोठ्या मामाकडे ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना. रानडुकरं आणि वानरं भात ठेवत नसत म्हणून. ती माळ्यावर असायची आणि आम्हा पोरांना तिच्या सावलीलाही जायची बंदी. निवडणूक जाहीर झाली की मामा ती खांद्याला लावून निघायचा, पोलीस ठाण्यात जमा करायचा, पावती घ्यायचा आणि निकाल लागल्यावर परत आणायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. रेशनकार्डासारखंच एक सरकारी काम.

हे मी एकदा इथल्या शेजाऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "म्हणजे नेमकं निवडणुकीच्या वेळी सरकार म्हणतं बंदुका आणून द्या, आणि तुम्ही देता?" त्याच्या लेखी हुकूमशाही अशीच सुरू होते.

हा शेजारी म्हणजे या गोष्टीतलं मुख्य पात्र. मशीन शॉपमधून रिटायर झालेला, हात फावड्यासारखे, बोलणं मोजकं. विषय बंदूक, इतिहास किंवा पैसा यांपैकी असेल तर मात्र आवरणं कठीण. २००३ मध्ये त्याने मला पहिल्यांदा रेंजवर नेलं. कागदाच्या गोल ठिपक्यावर नेम धरायचा, श्वास अर्धा सोडायचा, चाप हळू ओढायचा. त्या दहा सेकंदांत डोक्यात दुसरं काही राहत नाही. मला ते आवडलं. पुढच्याच महिन्यात पॉइंट टू-टूची रायफल घेतली.

घेणं सोपं आहे, फारच सोपं. ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा. गुन्हा शाबीत झालाय का, अमली पदार्थ घेता का, कोर्टाने कधी मानसिक रुग्ण ठरवलंय का, असे प्रश्न. मी तेव्हा ग्रीन कार्डवर होतो, ते चालतं. (एच-वनवाल्यांना सहसा चालत नाही, पण शिकारीचं लायसन्स असलं तर चालतं. कायदा असा गमतीदार आहे.) दुकानदाराने नाव तपासून घेतलं, पंधरा मिनिटांत हिरवा कंदील. मामाला परवान्यासाठी किती हेलपाटे पडले होते ते आठवलं.

दुसरी, बारा बोअरची, घेतली २००८ च्या नोव्हेंबरात. ओबामा निवडून आले होते आणि आता बंदुकांवर बंदी येणार अशी हूल उठली होती. दुकानाबाहेर रांगा. मीही रांगेत उभा राहिलो. का? बाकीचे उभे होते म्हणून. साखर महागणार म्हटल्यावर आपण दोन किलो जास्त आणतो ना, तसंच. बंदी काही आली नाही.

आता इतिहासाकडे येतो. अमेरिकन राज्यघटनेतली दुसरी दुरुस्ती १७९१ सालची. इंग्रजीत फक्त २७ शब्द. पहिल्या अर्ध्यात शिस्तबद्ध नागरी सेनेची गरज, दुसऱ्या अर्ध्यात शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क. शेजारी दुसरा अर्धा वाचतो, न्यूयॉर्कचे संपादक पहिला अर्धा वाचतात, आणि दोघेही एकमेकांना निरक्षर समजतात. सुप्रीम कोर्टाने २००८ साली हेलर खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की हा हक्क व्यक्तीचा आहे, घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवता येते. २०२२ च्या ब्रुएन निकालाने तो घराबाहेरही नेला. पण हेलरच्याच निकालपत्रात असंही लिहिलंय की हा हक्क अमर्याद नाही, आणि हे वाक्य रेंजवर कुणाच्या तोंडी मला कधी ऐकू आलं नाही.

शेजाऱ्याचा आवडता दाखला म्हणजे, आश्चर्य वाटेल, गांधीजी! ब्रिटिशांनी एका अख्ख्या राष्ट्राला नि:शस्त्र केलं हे त्यांच्या राज्यातलं सगळ्यात काळं कृत्य, अशा आशयाचं गांधीजींचं एक वाक्य इथल्या बंदूकवाल्यांमध्ये फार लोकप्रिय आहे. त्याने ते मला मोठ्या थाटात ऐकवलं, जणू काही माझ्या घरचाच माणूस साक्षीला आणला.

मी म्हटलं, वाक्य खरं आहे, पण ते कुठलं ते ऐक. १९१८ साली गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून ब्रिटिश सैन्यासाठी भरती करत होते, पहिल्या महायुद्धासाठी. त्या पत्रकातला तो मुद्दा होता. सैन्यात या, शस्त्र चालवायला शिका, म्हणजे हा कायदा रद्द व्हायला मदत होईल. घरोघरी पिस्तूल ठेवा असं त्यात नव्हतं. आणि तो कायदा म्हणजे १८७८ चा शस्त्र कायदा, लॉर्ड लिटनच्या वेळचा. त्यात हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनांना सूट होती. त्याच वर्षी, त्याच लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला. वर्तमानपत्रांचा कायदा चार वर्षांत गेला. शस्त्र कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही राहिला, १९५९ मध्ये नवा येईपर्यंत.

हे ऐकून तो खूश झाला. "बघ, मी म्हणत नव्हतो?" मी म्हटलं, थांब, आता तुमचा इतिहास ऐक. १९५६ साली माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब टाकला गेला. त्यांनी पिस्तूल बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केला. मिळाला नाही. १९६७ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर मंडळी भरलेल्या बंदुका घेऊन उघडपणे हिंडू लागली, तर ते बंद करणारा कायदा ताबडतोब झाला. सही कुणाची? गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची, ज्यांचा फोटो आमच्या रेंजच्या ऑफिसात आहे. म्हणजे तिकडे परवाना युरोपियनांना माफ आणि इकडे गोऱ्यांना. बंदुकीचा कायदा वाचताना मी आता पहिल्यांदा बघतो, तो कुणाच्या हातातली काढून घेतोय.

यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे आम्हाला शाळेत शिकवलं नाही." तो वाद घालतो, पण ऐकतो. म्हणून तर वीस वर्षं टिकलंय.

पैशाच्या बाबतीत मात्र त्याचं ठाम मत आहे की डॉलर म्हणजे रद्दी. १९१३ मध्ये फेडरल रिझर्व्ह आली तिथून घसरण सुरू. १९३३ मध्ये रूझवेल्टनी लोकांना घरातलं सोनं सरकारजमा करायला लावलं, २०.६७ डॉलर औंस भावाने. सोनं आत आल्यावर १९३४ मध्ये भाव ३५ करून टाकला. अमेरिकन माणसाला सोन्याची नाणी आणि लगड मुक्तपणे बाळगायला परत परवानगी मिळाली १९७४ च्या शेवटच्या दिवशी. त्याआधीच १९७१ मध्ये निक्सननी डॉलर-सोन्याची गाठ कायमची सोडली. त्यामुळे माणसाने तीनच धातूंवर विश्वास ठेवावा, असं त्याचं मत. सोनं, चांदी आणि शिसं. (शिसं म्हणजे काडतुसं!)

गंमत म्हणजे हे सगळं ऐकताना मला परकं वाटलंच नाही. आमच्याकडे आजीच्या तोंडी मोरारजींचा उद्धार ऐकत मी मोठा झालो. १९६३ चे सुवर्णनियंत्रणाचे नियम, चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही, सोनारांच्या घरात चूल पेटेना. पुढे १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदाच झाला, तो गेला १९९० साली. आणि अमेरिकेतला बंदुकांचा मोठा केंद्रीय कायदा कधीचा? तोही १९६८ चाच! केनेडी बंधू आणि किंग यांच्या खुनांनंतरचा. ओस्वाल्डने जॉन केनेडींवर झाडलेली रायफल पोस्टाने मागवली होती, वीसेक डॉलरला. त्या कायद्याने पोस्टाने बंदूक मागवणं बंद झालं. एकाच वर्षी एका देशाला सोन्याची धास्ती, दुसऱ्याला बंदुकीची. आणि दोन्हीकडे लोकांनी काय केलं? वस्तू जपून ठेवली आणि सरकारवरचा विश्वास काढून घेतला. माझ्या आजीने पाटल्या पिठाच्या डब्यात ठेवल्या होत्या.

तरी सोन्याच्या बाबतीत मी त्याच्याशी सहमत नाही. जानेवारी १९८० मध्ये सोनं ८५० डॉलरला पोचलं होतं. त्या दिवशी घेतलेल्या माणसाला तो आकडा परत दिसायला २००८ चा जानेवारी उजाडावा लागला. अठ्ठावीस वर्षं! मधली महागाई वेगळीच. सोनं अडीनडीला असावं, आपल्या बायका ठेवतात तेवढं. त्यावर देशाचं चलन चालवणं म्हणजे मंदीत स्वतःचेच हात बांधून घेणं. इंग्लंडने १९३१ मध्ये सोनं सोडलं आणि तो अमेरिकेआधी सावरायला लागला.

महागाईचा खरा धडा मला बंदुकीच्याच कायद्यात सापडला. १९३४ साली, टोळीयुद्धांच्या काळानंतर, मशीनगन आणि सायलेन्सरवर २०० डॉलर कर बसवला. तेव्हा २०० डॉलर म्हणजे आजच्या हिशेबाने चार हजारांच्या वर. हेतू हाच की कुणी घेऊच नये. बंदी घालायची नव्हती, परवडू द्यायचं नव्हतं. पण आकडा कायद्यात लिहिला आणि तसाच राहिला. नव्वद वर्षांत महागाईने त्याला इतकं खाल्लं की तो नुसती फी होऊन बसला. शेवटी २०२५ च्या जुलैमध्ये सही झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा कर शून्य केला, मशीनगनवरचा ठेवला. शेजारी म्हणतो विजय झाला. मी म्हणतो, अर्धं काम तर तुझ्या त्या रद्दी डॉलरनेच आधी करून ठेवलं होतं.

राजकारणावर फार लिहीत नाही, दोन्हीकडचे नातेवाईक नाराज होतील. एवढंच म्हणतो की एका पक्षाचे लोक ज्या वस्तूवर कायदा करायचा तिचे भागही ओळखत नाहीत, आणि दुसऱ्या पक्षाचे प्रत्येक शाळेतल्या गोळीबारानंतर प्रार्थना करून मोकळे होतात. सँडी हूक, २०१२, वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं. त्यानंतर दिल्लीत काहीही झालं नाही... दिल्लीत कसलं, वॉशिंग्टनमध्ये. (सवय जात नाही.) २०२२ मध्ये युव्हाल्डीत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्यावर कुठे दोन्ही पक्षांनी मिळून एक मध्यम कायदा केला, जवळजवळ तीस वर्षांतला पहिला मोठा. आणि ज्या संघटनेला आम्ही वर्गणी देत होतो ती १८७१ साली लोकांना नेम शिकवण्यासाठी निघाली होती. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने तिच्या माजी प्रमुखाला संस्थेच्या पैशाच्या गैरवापरासाठी जबाबदार धरलं. मी वर्गणी त्याच्या बरीच आधी बंद केली होती. शेजाऱ्याने त्या दिवशी केली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. मावशी, हे तुलाही माहीत नाही. आईलाही कधी सांगितलं नाही.

२००९ च्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. अकरा वर्षांची. शुक्रवारी दुपारी खोका हातात देऊन बाहेर. शेअर बाजार त्या मार्चपर्यंत निम्म्याहून खाली आला होता आणि रिटायरमेंटचे पैसे सगळे तिथेच. मुलगा बारावीत, कॉलेजची फी समोर. पुण्याला मी सांगत होतो, "सध्या घरून काम करतोय." घरून काही काम नव्हतं. मी तळघरात बसायचो. टीव्ही बंद असला तरी त्याच्यासमोर. तिजोरी तिथेच, टीव्हीच्या डावीकडे.

मी काही ठरवलं होतं असं नाही. पण एक हिशेब डोक्यात यायचा, विम्याचा. माझी किंमत जिवंत किती आणि मेल्यावर किती. हिशेब चांगला येतो म्हणून घरात माझं कौतुक होतं, तोच हिशेब. एकदा रात्री बायको खाली आली, मी नुसताच तिजोरीकडे बघत बसलो होतो. ती काही बोलली नाही. दिवा लावून वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी दारात उभा. म्हणाला, "तुझ्या तळघरात ओल आहे म्हणे. बंदुका गंजतील. माझ्याकडे ठेवतो काही दिवस."

तळघरात ओल नव्हती. मलाही माहीत होतं, त्यालाही. मी किल्ली दिली. त्याने दोन्ही बंदुका आणि काडतुसांचे डबे आपल्या ट्रकमध्ये ठेवले, आणि निघताना म्हणाला, "तुला हव्या असतील तेव्हा सांग. पण आपण दोघं मिळून बाहेर काढू."

हा तोच माणूस, ज्याच्या ट्रकवर स्टिकर आहे की माझी बंदूक माझ्या थंडगार पडलेल्या हातातूनच काढून घ्यावी लागेल. माझी त्याने सकाळी आठ वाजता, कॉफी पिऊन, गोडीत काढून नेली. सात महिने ठेवली. सप्टेंबरात मला नोकरी लागली, कमी पगाराची, पण लागली. ऑक्टोबरात तो बंदुका परत घेऊन आला, तेल लावून. तेव्हा मी विचारलं, तुला कसं सुचलं? म्हणाला, "तुझ्या बायकोने सांगितलं. आणि माझ्या धाकट्या भावाच्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं." एवढंच. पुन्हा तो विषय निघाला नाही.

नंतर मी आकडे बघितले. २०२१ मध्ये अमेरिकेत गोळीने साधारण ४९ हजार माणसं मेली. त्यातल्या २६ हजारांहून जास्त आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त. बातम्यांत जे दिसतं ते शाळा, मॉल, टोळ्या. आमच्यासारख्या तळघरांत जे होतं ते बातमीत येत नाही. आणि बंदूकवाले चोराबद्दल बोलतात, सरकारबद्दल बोलतात, हुकूमशहाबद्दल बोलतात. घरातल्या या धोक्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, कारण तो स्वतःच असतो.

मग माझं मत काय? बंदूक ठेवायचा हक्क असावा असं मला अजूनही वाटतं. विकताना प्रत्येक वेळी तपासणी व्हावी, ओळखीत विकली तरी, असंही वाटतं. पण तो नियम लिहिताना शेजाऱ्याने सात महिने दुसऱ्याची बंदूक सांभाळली तर तो गुन्हेगार ठरू नये, एवढी जागा ठेवावी. मामा निवडणुकीला बंदूक जमा करायचा त्यात मला आता हुकूमशाही दिसत नाही. वातावरण तापलंय, चार दिवस लांब ठेव, पावती घे, नंतर परत ने. माझीही तशीच जमा होती. पावती नव्हती एवढंच.

ज्यांना तळघरात बसून असले हिशेब सुचत असतील त्यांच्यासाठी, अमेरिकेत ९८८ आणि भारतात १४४१६ या नंबरवर फोन करता येतो. दिवसरात्र. मी तेव्हा केला नव्हता. माझ्या नशिबी बायको आणि शेजारी होते, सगळ्यांना असतातच असं नाही.

हे लिहून झाल्यावर काल मावशीला फोन करून सगळं वाचून दाखवलं. मध्ये एकदा तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं. शेवटी बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "आणि आता त्या तिजोरीची किल्ली कुणाकडे असते?"

"हिच्याकडे. तेव्हापासून तिच्याचकडे."

"मग असू देत," मावशी म्हणाली. "आणि त्या शेजाऱ्याला लाडू पाठवायचेत, पत्ता दे."